आमच्या गल्लीचा उतार

पावसाळा आला म्हणजे कवींना मेघ, मोर आणि इंद्रधनुष्य यांची आठवण होत असेल. आम्हांस मात्र विटांची आठवण होते. खाटेच्या चारी पायांखालीं द्यावयाच्या विटा! मुंबईंत दादर व परळ यांच्या मध्यें हिंदमाता या चित्रपटगृहाच्या नांवानें ओळखला जाणारा जो सखल भाग आहे, त्याच्या पाठीमागच्या एका गल्लींत आमचें बिऱ्हाड आहे. ह्या भागाचें नांव पावसाळ्यांत वर्तमानपत्रांतून इतक्या वेळां छापून येतें कीं, परगांवच्या माणसास तें एखाद्या तळ्याचेंच नांव वाटावें. आमच्या सोलापूरच्या आत्याबाईंनीं एकदां खरोखरच विचारलें होतें, "तुमच्या त्या हिंदमाता तलावांत होड्या मिळतात का रे?" आम्ही हंसलों, पण त्यांच्या प्रश्नांत हंसण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें, हें आम्हांस पुढें कळून आलें.

वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हां सहलीचें वर्णन करावें असें प्रथम मनांत आलें. वाचकांसहि तें अधिक रुचलें असतें. परंतु गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या मनानें जेवढे हेलकावे गटाराच्या एका जाळीपायीं खाल्ले, तेवढे कोणत्याहि डोंगरदऱ्यांनीं खाण्यास लाविले नाहींत. सबब विषयाच्या वासाबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

आमची चाळ तीन मजल्यांची, जुन्या पद्धतीची. मध्यें चौक, चौकास गल्लीकडे उघडणारा दरवाजा. दर पावसाळ्यांत चार-दोनदां ह्या चौकांत वीतभर पाणी सांचे व तळमजल्यावरील खोल्यांच्या उंबऱ्यांस लागे. आमचे वडील चाळीच्या मंडळाचे चिटणीस. २०२२ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं पुढाकार घेऊन खोलीमागें वर्गणी जमविली आणि सर्व चौक दीड फूट उंच करून घेतला. डबर वाहून आणण्याचें काम आम्हां मुलांकडे होतें. वर चकचकीत फरशी बसली, दरवाजापुढें गल्लींत उतरणारा सिमेंटाचा सुंदर ढाळ झाला. आतां दुचाक्या विनासायास आंत येऊं लागल्या. जूनअखेर पहिला मोठा पाऊस कोसळला, आणि चाळीच्या इतिहासांत प्रथमच चौक कोरडा राहिला! आम्ही गॅलरींत उभे राहून टाळ्या वाजविल्या. वडिलांचें अभिनंदन करावयास सर्व मजल्यांवरील मंडळी आली. कोणी तरी भजीं तळलीं.

त्याच रात्रीं नऊच्या सुमारास समोरून हाका ऐकूं आल्या. आमच्या चाळीसमोर चार खोल्यांची एक बैठी चाळ आहे. तिच्या कडेच्या खोलींत एक आजी एकट्या राहतात. गिरणींत काम करणारे त्यांचे यजमान निवर्तल्यापासून शिवणाचें यंत्र हाच त्यांचा कर्ता पुरुष. परकर, पिशव्या, शाळेच्या मुलांचे गणवेश — आमच्या स्वतःच्या दोन चड्ड्या त्यांनींच शिवलेल्या होत्या. आम्ही धांवत गेलों तों खोलींत गुडघाभर पाणी. आजी खाटेवर उभ्या होत्या आणि यंत्राकडे बोट दाखवीत होत्या. आम्ही चौघांनीं तें उचलून खाटेवर ठेविलें. पण पायांटा, पट्टा व खालची मोटार दोन तास पाण्यांत होती. ओल्या कापडांचा गठ्ठा पिळतां पिळतां आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं पाणी पायरीपर्यंत यायचं रे बाळांनो. यंदाच आंत कसं शिरलं, देवाला ठाऊक!"

देवाला तर ठाऊक होतेंच. आम्हांस ठाऊक व्हावयास आणखी सात महिने लागले.

आरंभीं आम्हीही इतरांप्रमाणें सर्व दोष दुसऱ्याच्या माथीं मारून मोकळे झालों होतों. गटारें साफ होत नाहींत, रस्ता करणारा कंत्राटदार तसाच, वगैरे वगैरे. आम्ही भूगोलाच्या तासास हीच कैफियत मोठ्या आवेशानें मांडली. गुरुजींनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "तुमच्या गल्लीचा उतार कोणत्या बाजूस आहे?" आम्ही निरुत्तर! जन्मल्यापासून ज्या रस्त्यावर खेळलों, त्याचा उतार कोणीकडे हें आम्हांस सांगतां येईना. "मग अर्ज करण्यापूर्वीं तेवढें पाहून या," असें म्हणून गुरुजी पुढच्या धड्याकडे वळले.

हें काम आम्हीं २०२३ च्या फेब्रुवारींत केलें. ओळखीच्या एका गवंडीदादांनीं आपली लेव्हलची नळी दिली. ही पारदर्शक नळी पाण्यानें भरावयाची, तींत बुडबुडा राहूं द्यावयाचा नाहीं, आणि दोन टोंकें दोन भिंतींशीं धरावयाचीं. दोन्हीकडील पाणी ज्या उंचीवर स्थिर होईल ती एकच पातळी. केवढें साधें साधन, आणि केवढें खरें बोलणारें! दोन रविवार आम्ही गल्लीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत भिंतींवर खडूच्या रेघा ओढीत गेलों. लोकांस वाटलें, चाळी पाडून बुरूज बांधणार आहेत. एका काकूंनीं तर आमचे नंबर लागले का म्हणून चौकशी केली.

त्या रेघांनीं जें दाखविलें तें असें. वारंवार थरावर थर चढल्यामुळें गल्लीचीं दोन्ही टोंकें उंच झालीं होतीं आणि मधला भाग बशीसारखा खोल राहिला होता. गल्लींत पाणी आंत घेणाऱ्या जाळ्या तीन असावयास पाहिजेत, असें जुनीं माणसें सांगत. पैकीं एक अगदीं उंच टोंकाशीं होती. पाण्यानें तेथपर्यंत चढून जावें अशी अपेक्षा असावी. दुसरी बशीच्या कांठावर होती, पण तिचीं भोंकें प्लास्टिकच्या पिशव्यांनीं व फुलांच्या निर्माल्यानें बुजलेलीं. तिसरी, म्हणजे बशीच्या तळाशीं असलेली खरी उपयोगाची जाळी, कांहीं केल्या सांपडेना.

ती आमच्या मामांनीं दाखविली. मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. गटारखात्यांत अठ्ठावीस वर्षें काम करून निवृत्त झालेले आमच्या चाळींतील एक गृहस्थ. त्यांनीं दोन पावलें मोजलीं, काठी आपटली आणि म्हणाले, "हिच्या डोक्यावरच उभे आहात तुम्ही." आम्हीं खालीं पाहिलें. आम्ही आमच्या चाळीच्या नव्या, सुंदर, सिमेंटाच्या ढाळावर उभे होतों.

त्या वेळीं आमच्या पोटांत जें झालें, तें लिहून सांगतां येणें कठीण. डबराचीं घमेलीं त्या ठिकाणीं आम्हींच ओतलीं होतीं. घरीं येऊन आम्हीं वहींत हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं बरोबर एक लिटर पाणी होतें. आमचा चौक सुमारें ४०० चौरस मीटरांचा. त्यांत पूर्वीं वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर पाणी राही. म्हणजे ८०,००० लिटर. चौक उंच केल्यानें हें पाणी नाहींसें झालें नव्हतें. तें समोर गेलें होतें, आणि जातां जातां त्याची वाटहि आम्हीं बुजवून ठेविली होती. आमच्या कोरड्या चौकाचें मोल आजींच्या यंत्रानें दिलें होतें. भज्यांची चव पुन्हां तोंडांत आली आणि ती गोड लागली नाहीं.

येथें वाचकांस अशी शंका येईल कीं, केवळ एका जाळीनें मुंबईचा हा भाग बुडतो काय? तसें नाहीं, आणि तसें म्हणणें हा सत्याचा अपलाप होईल. मुंबई ही सात बेटांची जोडलेली नगरी. वरळी व महालक्ष्मी यांच्यामधील खिंडार, ज्यांतून समुद्राचें पाणी भरतीच्या वेळीं आंत शिरे, तें हॉर्नबी साहेबांच्या कारकीर्दींत, १७८४ च्या सुमारास बांध घालून बंद करण्यांत आलें. मागाहून बेटांमधल्या दलदली भरून काढिल्या गेल्या. परंतु भरलेली जमीन आपली पूर्वस्थिति विसरत नाहीं. ती सखलच राहिली. शिवाय आमच्या पर्जन्यजलवाहिन्यांचीं समुद्राकडील बहुतेक मुखें भरतीच्या पातळीखालीं आहेत. पावसाळ्यांतील मोठी भरती साडेचार मीटरांवर चढते, तेव्हां गटारांतून पाणी बाहेर जाण्याऐवजीं समुद्रच आंत डोकावूं लागतो. अशा वेळीं जोराचा पाऊस आला तर त्या पाण्यानें जावें कोठें?

जुन्या वाहिन्या ताशीं २५ मिलिमीटर पावसाच्या बेतानें, तेंहि ओहोटी असतां, बांधलेल्या होत्या. ही शक्ति दुप्पट, म्हणजे ताशीं ५० मिलिमीटर करावी अशी योजना १९९३ सालींच कागदावर तयार झाली. ती कागदावर असतांनाच २६ जुलै २००५ चा दिवस उगवला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आणि आश्चर्य असें कीं, त्याच दिवशीं कुलाब्यास १०० मिलिमीटरहि पडला नाहीं. त्यानंतर कामांस गति आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशीं उदंचन केंद्रें उभीं राहिलीं. ह्या केंद्रांत समुद्राकडील दारें भरतीच्या वेळीं लावून घेतात आणि आंतलें पाणी पंपांनीं उपसून बाहेर टाकतात. एकेक पंप सेकंदास ६,००० लिटर पाणी उचलतो. हिंदमात्याचें पाणी पूर्वेकडे ब्रिटानिया केंद्राच्या वाटेनें जातें. तेंहि पुरेना, म्हणून २०२१ सालीं परळचें सेंट झेवियर्स मैदान व दादरचें प्रमोद महाजन उद्यान यांच्या खालीं प्रचंड टाक्या बांधावयास घेतल्या. भरती असेपर्यंत पाणी टाकींत थांबवावें आणि ओहोटी लागली कीं सोडून द्यावें, अशी ही युक्ति. त्यामुळें मोठ्या रस्त्यावरचें पाणी आतां पूर्वीपेक्षां लवकर ओसरतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण मोठ्या वाहिनीपर्यंत पोंचावयाचें तें जाळींतूनच. आणि जाळीवर ढाळ! राजरस्ता कितीहि रुंद केला तरी घराचें दार बंद असेल तर माणूस बाहेर पडणार कसा?

आमच्या गल्लीचें एकंदर क्षेत्र, छपरें धरून, ४,००० चौरस मीटर भरतें. ताशीं ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला दोन लक्ष लिटर पाणी. वाहिनीनें जुन्या मापानें २५ मिलिमीटरचें नेलें तर एक लक्ष लिटर मागें राहणारच. हें गणित आम्हीं गुरुजींस दाखविलें. त्यांनीं एक चूक दुरुस्त केली (आम्हीं छपरें दोनदां धरिलीं होतीं) आणि म्हणाले, "आतां हें घरीं दाखवा." तेंच तर अवघड होतें.

मध्यंतरीं आमच्या हातून एक वेडेपणा होतां होतां राहिला. दुसऱ्या जाळीशेजारच्या चेंबरचें झांकण काढून आंत उतरावें व गाळ काढावा असा आम्हीं चौघांनीं बेत केला. मामांच्या कानीं गेलें, तेव्हां त्या शांत माणसास आम्हीं प्रथमच संतापलेलें पाहिलें. "खालचा वायू दिसत नाही पोरांनो, वासही धड येत नाही एकदा नाक मेलं की. माझ्याबरोबरचे दोघे असेच गेले. आता तर कायद्यानंच माणूस उतरवायला बंदी आहे. यंत्रं आहेत त्याला." मग त्यांनीं २९ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशींच्या पुरांत एल्फिन्स्टन रोडपाशीं पाणी ओसरावें म्हणून कोणी झांकण उघडलें होतें, आणि घरीं चालत निघालेले एक नामांकित डॉक्टर त्यांत पडले. त्यांचा देह दोन दिवसांनीं वरळीस मिळाला. त्यानंतर शहरांत झांकणांखालीं लोखंडी जाळ्या बसवूं लागले. "पाणी साचलं तर साचू दे, पण झाकणाला हात लावायचा नाही," असें मामांनीं आमच्याकडून वदवून घेतलें. घोट्यापर्यंतच्या पाण्यांतहि उघड्या जखमेनें चालूं नये, उंदरांच्या मुतानें लेप्टोचा ताप येतो, हेंहि त्यांनींच सांगितलें.

अखेर एके रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं वही वडिलांपुढें ठेविली. त्यांनीं ती दोनदां वाचली. बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर एवढेंच विचारलें, "जाळी ढाळाखाली आहे, हें मामांनी सांगितलं?" आम्ही होय म्हणालों. ते उठून गॅलरींत गेले. समोर आजींच्या खोलींत दिवा होता. त्यांनीं यंत्र दुरुस्त करून घेतलें होतें, पण मोटार गेल्यामुळें तें आतां पायानें चालवीत.

पुढील रविवारीं मंडळाची सभा भरली. अशी वादळी सभा आम्हीं पाहिलेली नाहीं. वडिलांनीं चिटणीस या नात्यानें वहींतील आंकडे वाचून दाखविले आणि ढाळ फोडावा लागेल असें सांगितलें. एक काका उसळून म्हणाले, "आम्ही पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली. स्वतःच्या पैशानं बांधलेलं कोण उखडतं?" दुसरे म्हणाले, "चौक पुन्हा खाली नेलात तर माझ्या खोलीत पाणी. त्यापेक्षा त्यांनीच आपलं जोतं उंच करावं." त्यांचेंहि म्हणणें खोटें नव्हतें, तळमजल्यावरच्यांनीं पूर्वीं पुष्कळ सोसलें होतें. मात्र प्रत्येकानें जोतें उंच करीत राहावयाचें ठरविलें, तर ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्याच्याच घरांत शेवटीं पाणी जावयाचें. हें आम्ही मनांत म्हटलें. मोठ्यांच्या सभेंत बोलण्याची आमची प्राज्ञा नव्हती.

वडील मध्येंच उठले, समोर गेले आणि आजींना घेऊन आले. त्यांच्यासाठीं आपली खुर्ची दिली. आजी संकोचल्या. म्हणाल्या, "मला तुमचा चौक मोडायचा नाही हो. माझं मशीन कुठं ठेवू, तेवढं कोणी सांगा." सभेंत कोणी कांहीं सांगूं शकलें नाहीं.

पुष्कळ घासाघीस होऊन मधला मार्ग निघाला, आणि तो मामांच्या डोक्यांतून निघाला. खोल्यांलगतचा चौक उंचच ठेवावा. परंतु दरवाजालगतचा तिसरा हिस्सा, जेथें कोणाचा उंबरा येत नाहीं, तो पुन्हां जुन्या पातळीस न्यावा. छपरांच्या पन्हाळींचें पाणी ह्या खोलगट भागांत सोडावें आणि तेथून चार इंची नळानें सावकाश गल्लींतील चेंबरमध्यें जाऊं द्यावें. झेवियर मैदानाखालच्या टाकीचीच ही धाकटी बहीण, फक्त उघड्या तोंडाची. आम्हीं हिशेब केला: १३० चौरस मीटर आणि दीड फूट खोली, म्हणजे सुमारें ५८,००० लिटर पाणी मावतें. चाळीचें छप्पर व चौक मिळून ९०० चौरस मीटर. ताशीं ५० मिलिमीटरचा पाऊस आला तर आमचें ४५,००० लिटर पाणी निदान तासभर आमच्याच घरीं राहील. येथें आमच्या त्यागाचाहि उल्लेख केला पाहिजे. कारण तो तिसरा हिस्सा म्हणजेच आमचें क्रिकेटचें मैदान होतें.

ढाळ २०२३ च्या एप्रिलमध्यें फुटला. पहिला घण वडिलांनीं घातला. खालून जाळी निघाली ती गंजलेली, पण अखंड. ती दोन बोटें खालीं बसविणें, तिच्या जोडीस दुसरी घालणें, वाहिनींतील गाळ यंत्रानें शोषून काढणें व रस्त्याचा मधला भाग जाळीकडे उतरता करणें हीं कामें अर्ज दिल्यावर व पांच-सहा खेपा घातल्यावर सरकारी माणसांनीं केलीं. आमच्या नकाशाची एक प्रत त्यांनीं मागून घेतली, याचा आम्हांस थोडा गर्व झाला, हें कबूल करतों. आमच्या चाळींतील दोन मोऱ्यांचें सांडपाणी पावसाच्या गटारांत सोडलेलें होतें, तेंहि या निमित्तानें उघडकीस आलें व मैल्याच्या वाहिनीस जोडून घ्यावें लागलें. त्याबद्दलचे वादविवाद मात्र येथें देत नाहीं.

दोन पावसाळे आम्ही बैठ्या चाळीच्या खांबावर खडूनें खुणा केल्या. २०२३ सालीं आजींच्या दुसऱ्या पायरीस पाणी तीनदां लागलें, २०२४ सालीं दोनदां. पूर्वीं तें पांच-सहा तास राही. आतां चाळीस-पन्नास मिनिटांत उतरूं लागलें. एका रात्रीं मात्र भरती व पाऊस यांची गांठ पडली, तेव्हां तें दोन तास हललें नाहीं. वडील छत्री घेऊन खांबापाशीं उभे होते. आम्ही विजेरी धरिली होती. पाणी उंबऱ्याखालीं चार बोटांवर येऊन थांबलें, तेथेंच थोडें डुललें आणि मग उतरावयास लागलें. वडिलांनीं खूण करावयास खडू मागितला. तो भिजून गेला होता.

पावसाळा आला कीं पाळीपाळीनें जाळीवरील कचरा काढण्याचें काम आम्हां मुलांकडे आहे. तो हातानें नव्हे, लांब दांड्याच्या दंताळ्यानें काढावयाचा, अशी मामांची सक्त ताकीद आहे. आजींनीं यंत्रास नवी मोटार बसविली. पण यंत्राच्या पायांखालीं त्यांनीं ज्या विटा दिल्या होत्या, त्या अजून तशाच आहेत. परवां आम्हीं त्या काढून देऊं का म्हणून विचारलें, तेव्हां त्यांनीं दोरा दांतानें तोडला आणि म्हणाल्या, "राहू दे रे. आणखी दोन पावसाळे बघते."